तालुका गोरठाण : माहितीपत्रक

कलेक्टर कचेरीचं पत्र आलं : तालुक्याची माहिती,
इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था, दोन पानांत,
चौकटी वाढवू नयेत, सोमवारपर्यंत.
नायब तहसीलदारांनी ते माझ्या टेबलावर सरकवलं.
"उफाडेबाई, तुमचं अक्षर चांगलंय."
अक्षर कोण बघतं आता.

उत्तरेस डोंगर, बालाघाटाची शेपटी, इथं येऊन संपते.
दक्षिणेस लेंडी. या नावाची नदी दर दोन तालुक्यांत एक असते
आणि कुणाला नाव बदलावंसं वाटलेलं नाही.
जमीन काळी, कमरेइतकी. खाली मुरूम,
मुरुमाखाली मांजऱ्या,
त्याच्या खालचं बोअरवाल्यांना विचारावं.
पाऊस सरासरी सहाशे ऐंशी मिलिमीटर :
एका साली पूल वाहून गेला,
एका साली त्याच पुलावरून टँकर आले,
आम्ही बेरीज करून दोननं भागलं.

प्रमुख पिके. मागच्या पत्रकात ज्वारी, करडई, जवस.
तेच उतरवायला घेतलं आणि थांबले.
खिडकीतून मोंढा दिसतो. सोयाबीन, थैलीवर थैली,
वर एक हमाल झोपलेला.
करडई मी शेवटची पाहिली माझ्या लग्नाच्या साली,
बांधाला, पिवळी, लुगड्याला टोचणारी.

उद्योग : जिनिंग दोन.
त्यातल्या एकीचं मंगल कार्यालय झालंय,
जिथं रुई दाबायचे तिथं वऱ्हाड दाटतं.
साखर कारखाना शेजारच्या तालुक्यात, राख आमच्या वाळवणावर.
बाहेर जाणारा माल, या रकान्यात
दसऱ्यानंतर ट्रॅक्टर भरून जाणारी कोयती
लिहायची सोय नाही.

इतिहासासाठी रेकॉर्ड रूम उघडली.
निजामाच्या वेळचं दफ्तर, लाल बासनात, उर्दूत,
मधेमधे वाळवीनं केलेली फेरमोजणी.
ते वाचणारा तालुक्यात एकच उरलाय,
काझी मुनीरोद्दीन, रिटायर पेशकार.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, एकाचं व्हायचंय.
भिंग धरून ते मौजे-मौजे वाचत गेले,
मी टिपत गेले, चहा गार होत गेला.
एकशे एकोणतीस गावं.
माझ्या यादीत एकशे अठ्ठावीस.

"बाई, एक कम हे तुमारे पास."
"धामणी असेल. धरणात गेलं. बेचिराख आहे."
काझीसाब हसले, भिंगात त्यांचा डोळा मोठा झाला.
"तुम लोगां रोज लिखते, माने नै मालूम.
बे-चराग़. जिधर दिया नै."

सव्वीस वर्षं महसुलात.
हा शब्द मी बरोबरच्या खुणेसारखा मारत आले.

धामणीला मी दर उन्हाळ्यात जाते,
गाळपेरीच्या पावत्या करायला.
धरण उतरतं, गाळ उघडा पडतो, तडकतो,
आणि भागीरथी गवते न बघता चालत जाऊन
आपल्या घराच्या जोत्यावर उभी राहते.
चुलीपाशी टरबूज लावते, ओसरीत खरबूज,
देवळीच्या जागी काही लावत नाही,
विचारलं तर म्हणते, तिथं दगड लागतो.
तिच्या पलीकडे चांदपाशा, त्याच्या पलीकडे जाधवाची पोरं,
सगळे जुन्याच गल्लीच्या क्रमानं.
नवीन गावठाणात मात्र त्यांची घरं
चिठ्ठ्या टाकून वाटली होती.
फळ धरलं की कोल्हे येतात.
मग रात्रीला काठीला चार्जिंगचा दिवा.
एकदा मला निघायला उशीर झाला,
जीपमधून मोजले होते. नऊ.

सोमवारी पत्रक गेलं.
गावे एकशे अठ्ठावीस, बेचिराख एक.
बेचिराख गावाची लोकसंख्या : निरंक.
चौकट वाढवली नाही.
टरबुजाचं उत्पन्न कुठं धरायचं
एवढं मात्र साहेबांना विचारून घेतलं.
त्यांनी वर न बघता सांगितलं,
इतर.